लॉन्ड्रीतली सुनावणी

“साहेब, कोर्टात तारीख आहे. अर्धा दिवस तरी सोडा,” धाकटी पुन्हा विनवत होती.

“अहो, आता मोबाईलवर होतं सगळं! इथूनच बोला. रजा कशाला वाया घालवता?” सुपरवायझर म्हणाले, जणू तिच्यावर उपकारच करत होते. आधीच्या दोन तारखाही याच माणसाच्या कृपेने हुकल्या होत्या. माझं टाळकंच सटकलं.

आमची हॉस्पिटलची लॉन्ड्री. मशीन सुरू असली की शेजारणीशीही ओरडून बोलावं लागतं. धाकटी आमच्यात सगळ्यांत शेवटी आलेली, म्हणून धाकटी. तिची टकळी सुरू झाली की थांबत नाही, यावरून आम्ही तिला फार चिडवायचो. घटस्फोट झालेला. सहा वर्षांचा मुलगा बापाकडे राहायचा, रविवारी हिच्याकडे यायचा. आता बापाला परदेशात नोकरी लागली होती आणि मुलाला कायमचं सोबत न्यायचं होतं. आज कोर्ट हिचं म्हणणं ऐकणार होतं.

तिने चादरींच्या गठ्ठ्याला मोबाईल टेकवला. पडद्यावर न्यायाधीश बाई, शेजारी धाकटीचा आधीचा नवरा, त्याचे वकील, आणि हिचे वकील चक्क गाडीत बसलेले. ती “नमस्कार मॅडम” म्हणते तोच कुणीतरी खेकसलं, “तो कारखाना बंद करा आधी!” आणि तिचा आवाज तिकडूनच बंद करून टाकला.

मी मुख्य स्विच खाली ओढला. सगळी मशीन थांबली.

“मॅडम, त्याला नेऊ देऊ नका,” धाकटी म्हणाली. आम्हाला शब्दन् शब्द ऐकू आला. पडद्यावर मात्र तिचे नुसते ओठ हलत होते. आवाज परत सुरू करायचं तिकडे कुणाच्या लक्षातच आलं नाही. तिने शाळेतल्या पोरीसारखा हात वर केला. तोही कुणी पाहिला नाही.

“आईला दर रविवारी व्हिडिओ कॉल करता येईल,” नवऱ्याचे वकील म्हणाले.

“रविवारी दुपारी माझा कान धरल्याशिवाय झोपत नाही तो! मोबाईलला कान असतो का?” ती ओरडली.

न्यायाधीश बाईंनी हिच्या वकिलांना विचारलं. ते म्हणाले, “कोर्टाला योग्य वाटेल तो आदेश व्हावा.” अरे मुर्दाडा, ‘माझ्या बाईला बोलू द्या’ एवढं म्हणायला तुझी जीभ झडली होती का?

आदेश झाला. मुलाला न्यायची परवानगी मिळाली, आणि आईला रविवारचा व्हिडिओ कॉल.

तेवढ्यात सुपरवायझर धावत आले. “मशीन कुणी बंद केली? ऑपरेशनच्या चादरी कोण देणार, तुमचा बाप?”

मी स्विचला पाठ लावून उभी राहिले. “तिचं बोलून होऊ दे.”

पडदा काळा झाला होता, तरी ती बोलतच होती. मुलाला काय आवडतं, कशाची भीती वाटते, रविवारी संध्याकाळी परत जाताना तो जिन्यात कसा बसून राहतो. सगळ्या बायका हातातलं काम सोडून उभ्या होत्या. कुणी चिडवलं नाही.

वकिलांचा फोन आला. “ताई, वरच्या कोर्टात जाऊ. पण अवघड आहे. तुम्ही आज काहीच बोलला नाहीत.”

“बोलले,” ती म्हणाली. “अख्ख्या लॉन्ड्रीने ऐकलं.”

फोन ठेवून तिने ओला ॲप्रन सोडला, नीट घडी घालून माझ्या हातात दिला आणि सुपरवायझरांना न विचारता कोर्टाच्या रस्त्याला लागली.