पाचवा अभ्रा

थोरलीने कागदाचे दोन तुकडे खिडकीच्या उजेडात धरले, एकाची कड दुसऱ्यावर बोटभर चढवली आणि वरून कच्चा दोरा घातला. एक तुकडा कुणाच्या तरी शर्टाच्या खिशामागून उरलेला, दुसरा कुठल्याशा पडद्याच्या काठाखालचा. दोन्हींच्या कडांना जुन्या सुईची भोकं होती. जोड भरायच्या पाखराच्या पोटाखाली येऊ द्यायचा नाही, एवढं सांभाळायचं. पोटावर टाके दाट पडतात. जोड सुटला की पाखरू आकसून जातं. जोड शेपटीच्या पलीकडे, मोकळ्या आभाळात.

कशिदा भरताना कापड ताठ राहावं म्हणून खाली लावायचा हा पांढरा, कापडासारखाच मऊ कागद. काम झालं की मागून ओढून फाडायचा, की पुढच्या बाजूला तो होता हेही कुणाला कळत नाही. घरात त्याला नुसतं ‘कागद’ म्हणत, आणि त्याचा चतकोरही केरात जात नसे. खिडकीच्या खिळ्याला कापडी पिशवी टांगलेली असे, सगळे तुकडे तिच्या पोटात. पिशवी सासूबाईंची आणि नियमही त्यांचाच. गिऱ्हाइकाला आणि पाहुण्याला गुंडाळीतला कोरा कागद, घरच्यांना तुकडे.

थोरली लग्न होऊन या घरात आली तेव्हा सासूबाईंनी तिच्या ब्लाउजवर वेल भरला तो कोरा ताव कापून. सगळ्यांनी कौतुक केलं. तिने मात्र पाहिलं होतं, की नवऱ्याच्या सदऱ्याला, दिराच्या रुमालाला, सगळ्यांना पिशवीतलेच तुकडे. वर्ष असंच गेलं. मग एका दुपारी सासूबाईंनी मशीनवरून मान वर न करता पिशवीत हात घातला.

“सूनबाई, तुकड्यांवरच भरते गं तुझं. चालेल ना?”

“चालेल की.”

एवढंच बोलून ती स्वयंपाकघरात गेली आणि दाराकडे पाठ करून बराच वेळ नुसती उभी राहिली. आयुष्यात तिला त्याहून मोठं काही मिळालं नाही. पण हे सांगणार कुणाला? चिंध्या मिळाल्या म्हणून हरखणारी बाई पाहिली की लोक हसतात.

पुढे नवरा गेला, सासूबाई गेल्या. मशीन उरलं आणि मशीनवर ती.

आता घरही जाणार होतं. मालकाला जागा हवी होती. महिनाअखेरीला रिकामं करून द्यायचं ठरलं होतं. पुतणीने, म्हणजे धाकट्या जावेच्या लेकीने, नवऱ्याबरोबर नव्या इमारतीत तीन खोल्या घेतल्या होत्या. आईवडलांना ती तिकडे नेणार होती. थोरलीचं काय, हे कुणी बोललं नव्हतं आणि तिनेही विचारलं नव्हतं. विचारलं की उत्तर येतं, म्हणून. तिच्यासमोर विषय निघाला की दीर वर्तमानपत्राचं पान उलटायचे आणि धाकटीला गॅसवरचं दूध आठवायचं.

मग मागच्या आठवड्यात पुतणी निघता निघता, चपलेत पाय अडकवताना म्हणाली, “मोठीआई, नव्या घरासाठी उशांचे अभ्रे भरून दे गं. तुझी ती फांदीवरची पाखरं.”

“किती?”

“घरातल्या सगळ्यांचे.”

“सगळ्यांचे?”

“सगळ्यांचे गं,” म्हणत ती जिना उतरलीसुद्धा.

तो एक शब्द थोरलीने आठवडाभर पदराच्या गाठीत बांधल्यासारखा जपला. भांडी घासताना, दोरा ओवताना मधूनच चाचपून बघावा, आहे ना जागेवर. मशीन सुरू झालं की जात्याच्या घरघरीवर लागावा तसा तिचा आवाज आपोआप लागे.

*भरीते मी पाखरू, आधी देते त्याला फांदी*
*फांदीवाचून बाई, त्यानं टेकावं गं कधी*

“ताई, मशीनला तेल घाला की गळ्याला,” धाकटी म्हणाली. “दोन्ही एकदम कुरकुरतायत.”

“ये, बघ. हे तुझ्या नवऱ्याचं.”

पाखराचं पोट गरगरीत होतं. धाकटीला हसू आलं.

“आणि हे चोच वासलेलं?”

“ते तुझं.”

“जरा मिटवा हो चोच. रात्री उशीच बोलायला लागेल.”

दोघी हसल्या. हसता हसता धाकटीची नजर मशीनशेजारच्या चळतीवर गेली, तिथल्या तीन कोऱ्या अभ्र्यांवर. भरलेले दोन धरून पाच. तिचं हसणं मध्येच थांबलं. दूध बघते, म्हणत ती आत गेली. दूध तर सकाळीच तापवून झालं होतं.

लेक-जावयासाठी थोरलीने एकाच फांदीची दोन टोकं भरली, अभ्रे शेजारी ठेवले की फांदी जुळावी. पाचवं पाखरू शेवटी घेतलं. लहानसं, पंखात मान घालून झोपलेलं. त्याच्या कागदासाठी तिने पिशवी पालथी केली आणि सगळ्यात बारके तुकडे निवडले. जोडायला अख्खी दुपार गेली. पण ती दुपार तिला जड गेली नाही.

रविवारी पुतणी आली. थोरलीने अभ्रे पलंगावर एकाशेजारी एक मांडले आणि हात मागे घेऊन उभी राहिली.

“अगंबाई! बाबांचं पोट बघ. आई, ही तू ना?” पुतणी एकेक अभ्रा उचलत पुढे सरकली आणि टोकाला थांबली. “पाच? एक जास्तीचा केलास होय. बरं झालं. पाहुण्यांना होईल.”

थोरलीचा अंगठा झोपलेल्या पाखराच्या पाठीवरून फिरत होता. तो तसाच फिरत राहिला.

“हो तर,” धाकटी घाईने म्हणाली, पाठ केलेलं म्हणावं तशी. “आणि ताई, तुम्ही याल ना चार दिवस राहायला, तेव्हा तुम्हालाच होईल. ह्यांनी फोन केला होता तुमच्या भावाला. मागची खोली रिकामीच आहे म्हणाले. थोडी ओल आहे भिंतीला. पण ऊन येतं म्हणे दुपारचं.”

“कधी केला फोन?”

“झाले की बरेच दिवस.”

“अभ्रे सांगायच्या आधी?”

धाकटी पलंगावरची चादर नीट करू लागली. चादरीला सुरकुती नव्हती.

थोरलीने चार अभ्र्यांच्या घड्या घातल्या, कडा जुळवून, आणि पुतणीच्या हातात दिल्या. पाचवा आपल्या काखेत धरला.

“हा नाही चालायचा. दुसरा भरून देते.”

“का गं? किती गोड आहे, झोपलंय बघ.”

“तुकड्यांवर भरलाय.”

तिने फळीवरून गुंडाळी काढली. टेबलावर ठेवून एक झटका दिला तसा कोरा कागद सरसरत टेबलभर पसरला. तळहाताने तिने तो सपाट केला. कुठे जोड नाही, कुठे भोक नाही. मग मोठी कात्री घेतली आणि या काठापासून त्या काठापर्यंत सरळ चालवली.

“एवढ्याशा पाखराला अख्खा ताव?” पुतणी हसून म्हणाली. “आई, बघ ना, पिशवी भरलीय अजून तुकड्यांनी, आणि ही कोरा कागद कापतेय. सांग की तिला.”

धाकटीही याच घरची सून होती. तिने पिशवीकडे पाहिलं, टेबलावरच्या तावाकडे पाहिलं आणि ती पुन्हा चादर नीट करू लागली.

“पाहुण्याचा आहे ना,” थोरली म्हणाली आणि सुईत दोरा ओवायला उजेडाकडे वळली.