तिसऱ्यांदा बिघडलेल्या प्लेटा

प्रयोगशाळेतल्या मावशी एकवीस वर्षं जंतू वाढवायच्या प्लेटा ओतत होत्या. जंतूंमध्ये नवा जनुक घालताना त्याच्या जोडीला प्रतिजैविकाला पुरून उरणारा आणखी एक जनुक घालतात आणि प्लेटमधल्या अगारात, म्हणजे जंतू ज्यावर वाढतात त्या जेलीत, तेच औषध मिसळतात. जोडी घेतलेले जंतू तगतात, बाकीचे मरतात. मावशींना हे तोंडपाठ होतं. औषध कढत अगारात पडलं की वाया जातं, म्हणून बाटली तळहाताला सोसवेपर्यंत थांबायचं. थर्मामीटर त्यांनी कधी वापरलाच नाही.

यंदा संशोधन करणाऱ्या मुलीच्या प्लेटा ओळीने तिसऱ्यांदा बिघडल्या. जिथे मोजके ठिपके दिसायला हवे होते, तिथे दुधावर साय धरावी तसा जंतूंचा थर. प्रयोगशाळा चालवणाऱ्या मॅडमनी तिला सगळ्यांदेखत फैलावर घेतलं. ती बिचारी धुण्याच्या खोलीत नळ सोडून रडली, आणि मावशींनीच तिची समजूत घातली.

त्याच संध्याकाळी सुनेने मावशींचा हात धरून विचारलं, हा फोड कशाचा? मावशींना पत्ताच नव्हता. मधुमेहाने तळपाय बधिर झालेले त्यांना ठाऊक होते. हातांचं त्यांनी मनावर घेतलं नव्हतं.

सकाळी त्यांनी अगार वितळवलं. हाताला बाटली कोमट लागली तेव्हा थर्मामीटर बुडवला. अठ्ठ्याहत्तर अंश; हवे होते पन्नास-पंचावन्न. मावशींनी बाटली बाजूला ठेवली. यापुढे गुपचूप थर्मामीटर वापरला असता तर कुणाला कळलंही नसतं. पण त्या मॅडमच्या खोलीत गेल्या. मुलगी तिथेच होती.

“प्लेटा माझ्यामुळे गेल्या,” मावशी म्हणाल्या. “मला आता चटका कळत नाही. औषध मीच मारत होते. हिची काही चूक नाही.”

 मॅडमनी मुलीची माफी मागितली. मुलगी मात्र फणकाऱ्याने निघून गेली. तीन महिने पाण्यात गेले होते, राग येणारच. दोन दिवस तिने मावशींकडे पाहिलंही नाही. मावशींनी तापमान मोजून नव्या प्लेटा ओतल्या आणि तिच्या टेबलावर मुकाट ठेवल्या.

चौथ्या दिवशी ती एक प्लेट घेऊन आली. अकरा ठिपके, सुटे सुटे.

“आलं बघा,” ती म्हणाली. मावशींचे डोळे भरले. तिने प्लेट खाली ठेवली, स्टूल ओढून शेजारी बसली. “मावशी, डॉक्टरांना हात दाखवलात का?”

मावशींनी मान हलवली. नाही.

“मग उद्या अकराला जाऊ. मी येते बरोबर.”