पाच विरुद्ध सहा

१९५७च्या मे महिन्यात आम्हा बारा शिष्यवृत्तीवाल्यांना पुढारी करायचं एका संस्थेनं मनावर घेतलं. पुण्याच्या कॉलेजांतून उचलून आम्हाला चिंचवडच्या एका शाळेत तीन आठवडे ठेवलं. सकाळी रस्त्याचं श्रमदान, दुपारी व्याख्यानं, संध्याकाळी चर्चा. शिबिराचे प्रमुख नानासाहेब हे निवृत्त हेडमास्तर. पुढाऱ्यानं स्वतःचं घोडं दामटायचं नाही, गटाला विचारायचं, हा त्यांचा हेका. त्यामुळे आम्ही ऊठसूट मतं घ्यायचो. चिठ्ठ्या तांब्यात टाकायच्या आणि गटनायकानं मोजायच्या. भाजीलासुद्धा मतदान. दुधी पडला, वांगं निवडून आलं.

गटनायक मी होतो आणि त्याची मला बरीच मिजास होती. शेवटी जो उत्तम नायक ठरेल त्याची शिष्यवृत्ती एम. ए.पर्यंत चालणार होती. बाकीच्यांची बी. ए.लाच संपायची.

भैरू माझा जिवाभावाचा मित्र. त्याचं घर तीन मैलांवर, कासारवाडीला. दुसऱ्या आठवड्यातल्या शनिवारी दुपारी त्याचे वडील मारुतराव चालत आले. "आईला बरं न्हाई. पोराला बघावं म्हनती," एवढंच नानासाहेबांना म्हणाले. शिकलेल्या माणसांपुढे आपलं रडगाणं गायचं नाही, अशी त्यांची रीत. बाईनं अन्नपाणी सोडलं होतं, हे आम्हाला नंतर कळलं.

परवानगीशिवाय शिबिर सोडलं की शिष्यवृत्ती बंद, असा नियम होता. भैरूनं नानासाहेबांकडे पाहिलं. ते म्हणाले, "मी कोण ठरवणार? गटाला विचारा."

मी तांब्या आणला. पोरं आधीच चिडलेली होती, कारण आदल्या आठवड्यात एकजण आजोबा आजारी म्हणून गेला आणि पुण्यात सिनेमा पाहून आला होता. भैरूला मत नव्हतं. उरलो अकरा. मी कागद हातात घेऊन थोडा वेळ बसलो. माझ्याच मित्राला सुट्टी मिळाली तर नानासाहेब म्हणतील, याचा गटावर वचक नाही. शिवाय उद्या रविवार, तेव्हा सगळ्यांनाच सुट्टी. एका रात्रीनं काय बिघडतंय? मी 'नको' लिहिलं आणि चिठ्ठी घडी करून टाकली.

चिठ्ठ्या मोजल्या तेव्हा पाच 'जावे' आणि सहा 'नको'.

मारुतराव बाहेर लिंबाखाली बसले होते. मी जाऊन निकाल सांगितला.

"पोरांनी ठरवलं व्हय? मग बराबर आसंल," ते म्हणाले आणि पायात वहाणा घालून निघाले. भैरू व्याख्यानाला न बसता घमेलं उचलून रस्त्याच्या कामावर गेला.

रविवारी सकाळी तो निघायच्या आतच निरोप आला. आई पहाटे गेली होती. नानासाहेबांनी आम्हाला दोन मिनिटं उभं केलं. त्यावर मात्र मतं घेतली नाहीत.

पुढच्या रविवारी शिबिर संपलं. उत्तम नायक मीच ठरलो. दोन दिवसांनी दहाव्याला मी पवनेच्या काठी गेलो. मारुतरावांनी मला जवळ बसवून घेतलं.

"लई वाट बघितली तिनं," ते म्हणाले. "म्या म्हनलं, पोराला काम हाय, उद्या येतुय. तुमी पोरांनी नको म्हनलं, ह्ये न्हाई सांगितलं. उगं तुमास्नी बोल लागला आसता."

मला स्वतःची किळस आली. इथंच सगळं सांगून टाकावं असं वाटलं, तेवढ्यात भैरू आला. डोक्यावरून नुकताच वस्तरा फिरलेला. तो माझ्या शेजारी टेकला.

"पाचजण माझ्या बाजूनं व्हते न्हवं," तो म्हणाला. "चार कोन, ठाऊक न्हाई. आन् ठाऊक करूनबी घ्यायचं न्हाई. पाचवा तू व्हतास, तेवढं बास हाय मला."

मारुतराव माझ्याकडे मायेनं बघत होते.

"हो," मी म्हणालो.