चार मिनिटांची वाट

कोणतीही गोष्ट दोनदा मोजल्याशिवाय अर्डेला तिच्यावर विश्वास ठेवत नसे. एकतीस वर्षे पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेत काढली होती. निवृत्तीनंतरही ती खोड गेली नाही. म्हणून आजीच्या ध्वनिफितीतली शेवटची चार मिनिटे तिने सहा वेळा ऐकली. सहाही वेळा अर्थ तोच निघाला. आजी मडक्यांच्या मातीची जागा सांगत होती.

फीत बारा मिनिटांची. साठ वर्षांपूर्वी एक परका अभ्यासक यंत्र घेऊन वस्तीवर आला आणि आजीला ओसरीवर बसवून म्हणाला, ‘तुमच्या भाषेत काहीही बोला.’ कटॉबा, ही वस्तीची मूळ भाषा, बोलणारी माणसे तेव्हाच बोटांवर मोजण्याइतकी उरली होती. आता अर्डेला दर मंगळवारी त्या भाषेचा वर्ग घेई तेव्हा हाताशी असत शब्दांच्या याद्या आणि काही जुन्या छापील गोष्टी, ज्यांना आवाज नव्हता. घशात श्वास नेमका कुठे अडवायचा, शेवटचा स्वर नाकातून किती सोडायचा, हे कागदावरच्या रेघांवरून ताडावे लागे. वर्गासाठी नुकतीच हाती आलेली ही फीत म्हणजे घबाड होते. पहिली आठ मिनिटे सांधेदुखी, कोंबड्या आणि शेजारीण. मग आजी हसते आणि वाट सांगू लागते.

ती का हसली, हे अर्डेलाला पुरते कळले होते. मडकी घडवणाऱ्या प्रत्येक घराची मातीची जागा वेगळी, आणि ती परक्याला सोडाच, जावेलाही सांगायची नसे. यातले अक्षरही कोणाला कळायचे नाही, अशी आजीची खात्री होती. जणू पेटीला कुलूप लावून तिने किल्ली नदीत टाकली होती. गेली अकरा वर्षे अर्डेला तीच किल्ली पुन्हा घडवत होती.

शनिवारी सकाळी ती पडताळायला निघाली. ओढा ओलांडला, वळली, चढली. पालापाचोळा बाजूला केला तेव्हा खाली फावड्याने कापलेली ताजी कड दिसली. चिमूटभर माती घेऊन तिने वळी केली, बोटाभोवती गुंडाळली. कुठेही चीर गेली नाही; मडक्याचीच माती. पाला पुन्हा नीट पसरून ती थेट बहिणीकडे गेली.

डोवी स्वयंपाकघरात आजीच्या गुळगुळीत गोट्याने एक कच्चे मडके घोटत बसली होती.

“बूट पुसून ये,” ती म्हणाली, आणि तिचा हात थांबला. बुटांवरची ती करडी माती तिच्याइतकी दुसऱ्या कोणाला ओळखता आली नसती. “कोणी सांगितलं तुला?”

“आजीनं.”

“थापा मारू नकोस. तू कॉलेजात गेलीस तेव्हाच तिनं ठरवलं होतं, तुला सांगायचं नाही.”

“मला नाहीच सांगितलं, ताई. परक्या माणसाच्या यंत्राला सांगितलं.”

डोवीने गोटा खाली ठेवला. “वेडी म्हातारी,” ती म्हणाली. “तिला वाटलं, ऐकून समजणारं कोणी उरणारच नाही.”

“आपण उरलो, ही अडचण आहे.”

“विनोद पुरे. ती चार मिनिटं काप.”

“जा, वळ, चढ, ओलांड, सगळं त्या चार मिनिटांतच आहे. ते कापलं तर माझा वर्ग जन्मभर कोंबड्या मोजत बसेल.”

“बसू दे! पलीकडच्या घराची जागा फुटली, तेव्हा काय झालं? बादल्या भरभरून माती नेली लोकांनी. आता तिथल्या खड्ड्यांत बेडूक राहतात. तुझी फीत कॉम्प्युटरवर चढणार ना?”

“चढणार.”

“मग मला काय शिकवतेस?”

शेवटी तोडगा निघाला. वर्गाला आठ मिनिटे मिळतील. उरलेल्या चारांतले शब्द अर्डेला सुटे सुटे, क्रम मोडून, आठवड्याला एक असे शिकवेल. शेवटचा शब्द मात्र शिकवणार नाही. पुरावा असा विस्कटणाऱ्याला तिच्या प्रयोगशाळेत दुसऱ्या दिवशी घरी पाठवले असते, हे तिला ठाऊक होते. तरी तिने कबूल केले. डोवी दर मंगळवारी मागच्या खुर्चीवर येऊन बसू लागली. शिकायला नाही, पहाऱ्याला.

वसंत आला तेव्हा अर्डेलाने प्रत्येकाला आपल्या मनाने काहीतरी बोलायला सांगितले. घराघरांतल्या ऊब देणाऱ्या भट्ट्या दुरुस्त करणारा वेंडेल उठला.

“मावशी, चुकलं तर हसायचं नाही.”

“ते ऐकून ठरवते.”

त्याने कागद घडी करून खिशात घातला आणि आपल्या मासे धरायच्या जागेची वाट सांगू लागला. इस्वांकडे, म्हणजे नदीकडे, जा. ओढा ओलांड. वळ. चढ. श्वास नेमका हवा तिथे अडला, स्वर नाकातून हवा तेवढाच सुटला. अकरा वर्षांत कागदावाचून कोणी असे सलग बोलले नव्हते. वर्गाने टाळ्या वाजवल्या. डोवीने वाजवल्या नाहीत.

“पुढे?” अर्डेलाच्या तोंडून निघून गेले.

“पुढे अडलो. गळाला गांडुळं लागतात ना, ती काढायचीत. ‘खण’ला काय म्हणायचं?”

तोच तो शब्द. फितीत तो तीनदा येत होता, स्वच्छ, शंकेला जागा न ठेवणारा. अर्डेलाने मागच्या खुर्चीकडे पाहिले नाही.

“तो मिळालेला नाही,” ती म्हणाली.

“गेला म्हणायचा,” वेंडेल हळहळला, आणि वहीच्या शेवटच्या पानावर, हरवलेल्या शब्दांच्या यादीत, त्याने तो तारखेसह लिहून घेतला. प्रयोगशाळेतली एकतीस वर्षे धरूनही अर्डेलाच्या सांगण्यावरून झालेली ती पहिली खोटी नोंद.

घरी जाताना गाडी अर्डेला चालवत होती. पुलावर आल्यावर डोवी खिडकीबाहेर पाहत तो शब्द म्हणाली. श्वास अडला तोही तसाच, फितीतल्यासारखा.

“आजी जागा दाखवताना असंच म्हणाली होती,” ती पुटपुटली. “तेवढा एकच येतो मला.”

प्रत्येक शब्दाला दुसरा, स्वतंत्र साक्षीदार असावा, असा अर्डेलाचा अकरा वर्षांचा आग्रह होता. या एका शब्दाला तो आता मिळाला होता. वेंडेलच्या वहीतली नोंद तशीच राहू देत तिने गाडीचा वेग जरा वाढवला.