सोंगाड्या म्हणाले मला!

मी एक जुना बोका आहे. बेकरीच्या कोठारात जन्मलो, मैद्याच्या पोत्यांवर वाढलो. मित्रांनो, माझ्या उमेदीच्या काळात तिथल्या एकाही पोत्याला उंदराचा दात लागला नाही. मालक गिऱ्हाइकांना कौतुकाने सांगायचे, "हा आमचा बिनपगारी पहारेकरी!"

मग एका सकाळी माझा पुढचा पाय आखडला. भट्टीवाल्या काकांनी पंजात काटा शोधला. काटा नव्हताच. पुढे तो पाय बरा झाला आणि मागचा ठणकू लागला.

"काल पुढून लंगडत होतास, आज मागून? पक्का सोंगाड्या आहेस!" काका म्हणाले. "उंदीर धरवेना, पाय वाकडा!"

सगळे हसले. मी काकांना ओरबाडले. त्याचा मला आजही पश्चात्ताप नाही.

हळूहळू सांधे सुजले, अंगात ताप भरला. पोत्यांच्या थप्पीवर उडी जमेना. आता मात्र मालक घाबरले. "याचा रोग मालाला लागला तर धंदाच बसेल. पोत्यात घाला आणि लांब सोडून या."

ज्या पोत्यांची राखण केली, त्यांतल्याच एकात मला कोंबू लागले! मी चारही पंजांची नखे पोत्याच्या तोंडाशी रोवली. जीव गेला तरी आत जाणार नव्हतो.

तेवढ्यात मालकांची सून धावत आली. तिने माझा गुडघा हातात धरला. "बाबा, हात लावून बघा, किती गरम आहे! सोंगाने कुणाचा गुडघा तापतो का? आधी डॉक्टरांना दाखवू या."

डॉक्टरीणबाईंनी सुईने सांध्यातले पाणी काढून तपासले. "यात जंतू नाहीत. हा आजार कुणाला लागत नाही. याचं शरीरच चुकून स्वतःच्या सांध्यांवर उलटलंय. म्हणून कधी हा पाय, कधी तो."

"म्हणजे घरातलीच भांडणं!" मालक ओशाळून म्हणाले.

"हो, पण दुखणं खरं आहे. गोळ्या चुकवू नका."

आता सूनबाई गोळी भरवतात, मी थुंकतो, त्या पुन्हा भरवतात. मालकांनी पोती पायऱ्यांसारखी रचली आहेत. काका कधी मला उचलून वर ठेवतात. मी खाली उतरतो आणि स्वतःच्या पायांनी पुन्हा चढतो. वेळ लागतो. लागू दे.

मित्रांनो, मला तुमची दया नको. मुक्या जनावराला दुखणे सांगता येत नाही, म्हणून ते खोटे ठरत नाही. लंगडणाऱ्याला हसण्याआधी त्याचा सांधा हलक्या हाताने चाचपून बघा. मी कदाचित ओरबाडेन. तरीही बघा.