समुद्रघोड्याचं बाळंतपण

नराच्या पोटात पिल्लं असतात हे चांगुणा मॅडमनी मला पहिल्यांदा सांगितलं, तेव्हा मी पदर तोंडाला लावून हसले.

"मॅडम, अडाणी पाहून थट्टा करून राहिल्या व्हय?"

त्यांनी मला हाताला धरून काचेच्या टाकीपाशी नेलं. आत बोटाएवढा समुद्रघोडा शेपटीनं काडी धरून उभा होता आणि त्याचं पोट खरंच टम्म फुगलं होतं. माझी आई सुईण होती. पोट पाहून दिवस सांगायला मला कुणाची पुस्तकं लागत नाहीत. "आठ दिवस," मी म्हणाले. मॅडम म्हणाल्या, "माझापण तोच अंदाज आहे, पार्वतीबाई." त्या दिवसापासून ती टाकी मी आपली मानली.

ही अठ्ठ्याहत्तर सालची गोष्ट. हिंगोलीच्या कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत मी कामाला होते. नवरा तिथंच शिपाई होता. तो गेल्यावर त्याच्या जागी मला घेतलं, पण कच्च्या नेमणुकीवर. प्राचार्यांना त्या जागी आपला मेव्हणा चिकटवायचा होता, हे कॉलेजातल्या खुर्च्यांनाही ठाऊक होतं. त्यात माझं तोंड फटकळ. निमित्त शोधायला त्यांना लांब जावं लागणार नव्हतं.

चांगुणा मॅडम म्हणजे कुरुंद्याच्या बुद्धवाड्यातल्या पहिल्या एम.एस्सी. त्यांचीही नोकरी तासिकेवरची, उन्हाळा लागला की बंद. समुद्रापासून इतक्या लांब या घोड्याची पिल्लं जगवून दाखवली, तर विद्यापीठातले प्रोफेसर त्यांना संशोधनाला घेणार होते. शुक्रवारी ते स्वतः बघायला येणार होते. मॅडमचं सगळं त्या एका पोटावर येऊन थांबलं होतं.

अडचण पाण्याची होती. खारं पाणी रत्नागिरीहून कॅनमध्ये भरून एस.टी.च्या टपावरून आणलेलं. समुद्र काही आमच्या कयाधू नदीच्या पलीकडे नाही, की गेलं आणि घागर भरून आणली. आणि ते पाणी आता पिवळं पडत चाललं होतं, वर तेलकट साय धरत होतं. घोड्याची विष्ठा आणि उरलेलं खाणं पाण्यात कुजायच्या आत बाहेर काढायला हवं होतं, नाहीतर पिल्लं जन्मताच गुदमरतील असं मॅडम म्हणाल्या. त्यासाठी फेस काढायचं यंत्र मिळतं. मुंबईच्या दुकानदाराला त्यांनी पत्र टाकलं होतं. उत्तर आलं: जर्मनीचं यंत्र साडेचारशे रुपये, मुंबईत बनवलेलं दीडशे. दीडशेवाल्याची नळी वीतभरसुद्धा नव्हती, आणि नळी उंच असल्याशिवाय फेस धरत नाही. "हे घेतलं तर घेतल्याचं समाधान तेवढं मिळंल," मॅडम म्हणाल्या. मग त्यांनी आपणच करायचं ठरवलं.

बूड फुटलेला काचेचा उंच मोजसिलिंडर आमच्याकडं पडून होता. तो टाकीत उभा करायचा, खाली लाकडाचा ठोकळा बसवायचा आणि पंपाची हवा त्या लाकडातून सोडायची. पिठासारखे बारीक बुडबुडे निघतात, घाण त्यांना चिकटून वर येते, फेस होऊन वरच्या वाटीत सांडतो. काहिलीत उसाचा रस उकळताना वर मळी येते आणि आपण ती झाऱ्यानं काढून टाकतो, तसंच हे. मला एका दमात समजलं.

"ठोकळ्याला वाळक्या पांगाऱ्याचं लाकूड आणा," मॅडमनी बजावलं. "वास नको, चव नको. जिभेला लावून बघा."

मी जळबा सुताराकडं गेले. पांगाऱ्याचा वाळका तुकडा त्याच्याकडं होता. शेजारीच कडुलिंबाचा ओंडका पडला होता, ताजा कापलेला. माझी नजर त्यावर गेली आणि तिथंच माती खाल्ली.

आमच्याकडं बाळंतिणीच्या दाराला कडुलिंबाचा डहाळा लावल्याशिवाय आत कुणी पाऊल ठेवत नाही. तिची आंघोळ कडुलिंबाच्या पाल्याच्या पाण्यानं. लेकराची धुरीसुद्धा त्याचीच. माझ्या आईनं शेदोनशे बाळंतपणं केली, तिच्या हातून कडुलिंब कधी सुटला नाही. आणि इथं चार दिवसांवर बाळंतपण आलेलं, पाणी घाण झालेलं, त्यात मी बिनगुणाचा पांगारा नेऊन घालू?

"याचा दे," मी जळबाला म्हणाले.

"ओला हाय अजून. मॅडमनी पांगारा सांगितला नं?"

"तुला काय ठाऊक बाळंतपणातलं? भोकं बारीक पाड आन् मुकाट दे."

ठोकळा मी स्वतःच बसवला. मॅडमचा तास चालू होता. तो संपवून आल्यावर त्यांनी विचारलं, "जिभेला लावून बघितलं?" मी मान हलवली. बघितलं तर होतंच, कडू होतं म्हणूनच तर आणलं होतं.

मंगळवारी पंप सुरू केला आणि काय सांगू, फेस नुसता उसळत आला. पिवळसर, दाट. दुपारपर्यंत वाटी तीनदा ओतली. मॅडम लहान पोरीसारख्या टाळ्या वाजवायला लागल्या. "पार्वतीबाई, एवढी घाण व्हती आत!" प्राचार्यसुद्धा येऊन पाहून गेले आणि चक्क माझ्याकडं बघून हसले. मला वाटलं, मेव्हण्याचं आता काही खरं नाही.

बुधवारी टाकीतल्या गोगलगाई पाण्याबाहेर येऊन कोरड्या काचेवर बसल्या. मी एकेकीला परत आत टाकलं. तासाभरात सगळ्या पुन्हा वर. एवढासा खेकडा होता, तो कोपऱ्यातला दगड चढून अर्धा बाहेर बसला आणि हलेना. फेस मात्र वाढतच होता. मॅडम म्हणाल्या, "अजून घाण निघून राहिली. हवा वाढवा." मी पंपाची चावी फिरवली. घोड्यानं काडी सोडली होती आणि तो वरच्या वर तरंगत होता. मला ते आवडलं नाही. पण कळा लागायच्या आधी बायकासुद्धा अशाच अस्वस्थ होतात, असं मी मनाला सांगितलं.

गुरुवारी सकाळी आठ वाजता मी वाटी ओतली आणि उलट्या हातानं तोंड पुसलं. ओठांना कडू लागलं. जहर कडू. नुसतं खारट नव्हे.

मी तिथंच थिजले. घाण कडू नसते. फेस येत होता तो माझ्या लाकडाचा येत होता. दोन दिवस आम्ही त्यातलं कडू पाण्यात उतरवत होतो आणि फेस बघून टाळ्या वाजवत होतो. पंप बंद करायचा, घोड्याला उरलेल्या कॅनभर चांगल्या पाण्यात टाकायचं, एवढंच काम होतं. त्यासाठी आधी तोंड उघडायला हवं होतं. माझ्या डोळ्यांपुढं प्राचार्य आले, मेव्हणा आला, घरातल्या दोन पोरी आल्या. मी भ्याले. आयुष्यभर सगळ्यांना तोंडावर बोलणारी मी, त्या सकाळी मला शब्द फुटला नाही. संध्याकाळपर्यंत निभेल, एकदा पिल्लं झाली की गुपचूप ठोकळा बदलू, असं मी ठरवलं.

दुपारी दोनला घोडा वाकला आणि त्याच्या पोटातून पिल्लं सुटायला लागली. केसाएवढी, पण शेपटीसकट पुरी घडलेली. पाच, दहा, मग धुरळा उडावा तशी. मॅडमच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. पिल्लं वर आली, फेसाखाली जमली आणि तिथंच आडवी व्हायला लागली. आधी कडेची, मग मधली. मॅडम ओरडल्या, "हवा! हवा वाढवा, पाणी घाण झालं!" आणि त्यांनी स्वतःच चावी पूर्ण फिरवली.

तेव्हा मी पंपाची वायर उपसली. "मॅडम, लाकूड कडुलिंबाचं हाय," मी म्हणाले.

त्यांनी उरलेला कॅन टाकीशेजारच्या परातीत पालथा केला आणि चमच्यानं पिल्लं उचलायला लागल्या. मीही उचलत होते. चार वाजता परातीत एकही हलत नव्हतं. घोडा टाकीच्या तळाशी कुशीवर पडला होता, पोट रिकामं, सुरकुतलेलं.

"काहून, पार्वतीबाई?" एवढंच त्यांनी विचारलं.

"बाळंतपण व्हतं, मॅडम."

त्यांनी हातातला चमचा परातीत ठेवला. मग म्हणाल्या, "कडू पाण्यात उतरून राहिलं ते कधी कळलं तुमाला?"

"आत्ताच," मी म्हणाले.

त्यांनी माझे ओले हात आपल्या हातात घेतले. "रडू नका. मायेनं केलं तुमी. आधी कळलं असतं तर तुमी सांगितलं नसतं व्हय?"

दुसऱ्या दिवशी प्रोफेसर आले. "यंत्र मी निवडलं, मी बनवलं, चूक माझी," असं मॅडमनी त्यांना सरळ सांगितलं. माझं नाव घेतलं नाही. प्रोफेसर म्हणाले, स्वस्तातलं करायला जाऊन एवढं मोठं काम घालवलंत. मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होते. प्राचार्यांनी आत यायची खूण केली. मी आत गेले आणि सगळ्यांना चहा दिला.