गॅरेजातला घाट

गॅरेज गाडीसाठी असतं हे साऱ्या जगाला ठाऊक आहे, एक एलॉय त्रुहियो सोडून. सहा हिवाळ्यांपूर्वी त्याने अंतोनितो गावातल्या आपल्या गॅरेजमध्ये खेळण्यातल्या आगगाडीसाठी कुंब्रेसचा घाट बांधायला घेतला आणि त्याच्या बायकोची, ऑर्लिंडाची, निळी गाडी अंगणात आली. अंतोनितोची थंडी म्हणजे काय चीज आहे, ते अंगणात गाडी ठेवणाऱ्यालाच विचारावं. ऑर्लिंडाला उजाडायच्या आत शाळेच्या स्वयंपाकघरात हजर व्हावं लागे. त्याआधी काचेवरचा बर्फ खरवडता खरवडता ती नवऱ्याचा आणि त्याच्या घाटाचा यथेच्छ उद्धार करी.

घाट मात्र अस्सल होता, हे तीही मान्य करायची. एलॉयने उभा जन्म जिल्ह्याच्या रस्त्यांवर ग्रेडर, रस्ते सपाट करायचं यंत्र, चालवला होता. चढ-उतार त्याच्या हाडांत मुरलेले. चामा गावाहून कुंब्रेसच्या खिंडीकडे जाणारा खरा रेल्वेमार्ग शंभर फुटांमागे चार फूट चढतो, तर गॅरेजातलाही तसाच चढला पाहिजे, हा त्याचा हट्ट. तीच वळणं, तेच कडे, सप्टेंबरात पिवळी पडलेली तीच ॲस्पेनची झाडं.

आणि इंजिन? त्या इंजिनाच्या निवडीत स्वयंपाकघराच्या टेबलावर दोन वर्षं जेवायला जागा नव्हती. भिंगाखाली जुने फोटो. चारशे सत्तर क्रमांकाच्या ओळीतली इंजिनं नाजूक, ती प्रवाशांच्या गाडीची, नापास. चारशे नव्वदची अंगाने थोराड, पण त्याच्या मनात भरलेल्या फोटोत नव्हती; नापास. राहिली चारशे ऐंशीची. त्यातही एकाचा दिवा नंतर बदललेला, दुसऱ्याचा बर्फ ढकलायचा फाळ वेगळा.

"एलॉय, इंजिन बघतोयस की सून?" ऑर्लिंडाने एकदा विचारलं.

"बायको घाईने बघितली," भिंगावरची नजर न काढता तो म्हणाला, "तेव्हापासून शहाणा झालोय."

ओलं फडकं नेमकं त्याच्या टकलावर बसलं.

ऑर्लिंडाचा धाकटा भाऊ डेल्फिनो यालाही आगगाड्यांचा नाद होता, पण त्याचा खाक्या निराळा. अलामोसात त्याचं टायरचं दुकान, आणि घराच्या तळघरात सगळी खिचडी: अलास्काचं इंजिन आल्प्सचे डबे ओढतंय, मागे कुठली तरी वाळवंटातली मालगाडी. "दाजी, तुम्ही इंजिनं निवडता, मी इंजिनं खेळवतो," असं तो एलॉयला चिडवी. एलॉय त्याच्या तळघरात उतरला की देवळात कोणी चपला घालून आल्यासारखा चेहरा करी.

शेवटी त्या ऑगस्टमध्ये ऑर्लिंडाने भावाला साक्षीला बसवून पैज लावली. "शेवटचा गार्डचा डबा धरून बारा डबे. चामाहून निघून कुंब्रेसला पोचले, तर गॅरेज तुझं. मी जन्मात एक शब्द बोलणार नाही. नाही पोचले, तर पहिल्या बर्फाच्या आत घाट बाहेर आणि गाडी आत."

"एक शब्द बोलणार नाही?" डेल्फिनो म्हणाला. "दाजी, पटकन हो म्हणा, बाई शुद्धीवर यायच्या आत."

एलॉयने हो म्हटलं.

मग ऑक्टोबरात एके दुपारी रश्श्यासाठी भाजलेल्या हिरव्या मिरच्या हव्या होत्या. त्या गॅरेजातल्या फ्रीझरमध्ये. ऑर्लिंडा दार ढकलते तर काय, विंडी पॉइंटच्या वळणावर ते लाडकं इंजिन जागच्या जागी चाकं फिरवत उभं! एलॉयने मागचे डबे एकेक करून सोडले. सहा डबे घेऊन ते मुकाट्याने चढलं. सातवा लावला की घसरलं. ती मिरच्या घेऊन पावलं न वाजवता परतली आणि स्वयंपाक करताना चक्क गायला लागली. खरं दिसावं म्हणून निवडलेलं इंजिन आणि खरा असावा म्हणून बांधलेला चढ, दोघांनी मिळून नवऱ्याला तोंडघशी पाडलं होतं. तिने मनातल्या मनात गाडी आत लावूनसुद्धा टाकली.

संध्याकाळी कॉफी द्यायला गेली, तेव्हा आतून भावाचा आवाज आला.

"हे माझं अलास्काचं इंजिन घ्या. चाकांना रबर आहे. मागून ढकलेल बिचारं."

"हे कुंब्रेसवर कधी आलं होतं?" एलॉय.

"बरं, मग चढ दोन बोटं खाली घ्या. कोणाला कळणार आहे?"

"मला."

"दाजी, गॅरेज जाईल!"

"जाऊ दे."

ऑर्लिंडा कपबशा घेऊन दाराबाहेरच थांबली. जिंकायचं तर तिला होतंच, सहा हिवाळे बोटं गोठवली होती. पण त्या 'जाऊ दे'ने तिच्या आनंदात खडा पडला. त्या दिवशी तिचं गाणं पुढे काही सुरू झालं नाही.

पैजेसाठी ठरलेला रविवार उजाडला. चर्चमधून शेजारीपाजारी थेट गॅरेजमध्ये आले. चुलीवर डुकराच्या मांसाचा हिरवा रस्सा उकळत होता, बडीशेप घातलेली बिस्कोचितो बिस्किटं लोकांनी आधीच संपवत आणली होती. एलॉयने कळ फिरवली. बारा डब्यांची गाडी चामाहून निघाली, पूल ओलांडून झाडांतून वर आली, आणि विंडी पॉइंटवर इंजिनाची चाकं नुसतीच फिरू लागली. एलॉयने कळ बंद केली.

"ताई, काढ गाडीची किल्ली," डेल्फिनो म्हणाला.

किल्ली तिच्या मुठीतच होती. एलॉय सबब सांगेल, इंजिनाला नाही तर विजेला दोष देईल, म्हणून ती वाट पाहत होती. त्याने तसं काही केलं नाही. तो फक्त वाकला आणि डबे रुळांवरून उचलायला हात पुढे केला.

"थांब!" ती ओरडली. "दोन खेपा का नाही करत?"

गॅरेजमध्ये असं एकही माणूस नव्हतं ज्याला दोन खेपा ठाऊक नव्हत्या. प्रत्येकाचा कोणी ना कोणी आजा, काका त्या लाइनवर राबलेला. गाडी जड झाली की अर्धे डबे खाली सोडायचे, अर्धे वर नेऊन सायडिंगला, बाजूच्या रुळांवर, ठेवायचे, आणि परत येऊन उरलेले न्यायचे.

"ते आपलं ठरलं नव्हतं," एलॉय म्हणाला. "तू गाडी म्हणालीस, तेव्हा मी एकाच खेपेत अख्खी गाडी धरली. तूही तीच धरली असशील."

"म्हणून इतके दिवस गप्प बसलास?"

"पैज तुझ्याशी होती. तुला फसवून काय मिळवायचं?"

ऑर्लिंडाला एकदम राग आला, आणि रडूही आलं. तिचे वडील त्या लाइनवर इंजिन चालवत. जेवणाची वेळ टळली की आई त्यांचं ताट पुन्हा चुलीच्या कडेला ठेवायची आणि म्हणायची, आज दोन खेपा असतील. पोरं खिडकीशी डोळे ताणून बसायची.

"माझ्या पपांनी किती गाड्या दोन खेपांत वर नेल्या!" ती म्हणाली. "त्या काय पोचल्या नाहीत? मग आम्ही लहानपणी जेवलो कशावर? डेल्फिनो, तू सांग!"

पपा डेल्फिनोचेही होते. "पोचल्या," तो हळूच म्हणाला.

एलॉयने मागचे सहा डबे सोडले. उरलेले सहा घेऊन इंजिन विंडी पॉइंट चढलं, वर सायडिंगला त्यांना सोडून एकटंच मागे मागे उतरत आलं. दुसऱ्या खेपेला सगळे रुळांवर ओणवे झाले. गार्डचा डबा कुंब्रेसच्या स्टेशनावर टेकला तेव्हा असा काही गलका झाला की रस्त्यावरून जाणाऱ्याला वाटावं, इथे लग्न लागलं.

"गेलं ना गॅरेज?" डेल्फिनो बहिणीला म्हणाला. "हातातोंडाशी आलेला घास!"

एलॉयचे डोळे भरून आले होते. "गाडी आत घे तू," तो म्हणाला. "मी उद्या घाट सोडवतो."

"खबरदार! पोचली म्हणजे पोचली." तिने नाक पुसलं. "पण दर वेळी दोन खेपांचा खोळंबा नको. गाडी फारच जड असली तर पपांच्या जोडीला दुसरं इंजिन द्यायचे. दुसरं आण."

एलॉय क्षणात ताजातवाना झाला. "चारशे ऐंशीतलंच बघावं लागेल. दिव्याचा प्रश्न आहे, पण मी..."

"तू नाही. ह्या खेपेला मी निवडणार." तिने मुठीतली किल्ली त्याच्या शर्टाच्या खिशात टाकली. "आणि बर्फ पडला की काच तू खरवडायची."

"रोज?"

"रोज. आणि गाडी सुरू करून गरमही ठेवायची. माझ्या पपांना कधी कोणी थंड इंजिन दिलं नव्हतं."